गिटारच्या कोऱ्या बॉडीवरचा रंग पुन्हा पुन्हा बिघडत असेल तर: दोष केव्हा दिसला यावरून त्याचे मूळ शोधणे

कोऱ्या लाकडी बॉडीवर आपल्या आवडीचा रंग चढवणाऱ्यांची एक तक्रार वारंवार ऐकू येते. रंग बिघडला, घासून काढला, पुन्हा मारला आणि तो त्याच जागी तसाच पुन्हा बिघडला. अशा वेळी माणूस एकतर स्वतःच्या हाताला दोष देतो, नाहीतर रंगाचा डबा बदलतो. बहुधा कारण या दोन्हींत नसते. दोष ज्या थरावर दिसतो त्याच थरावर आपण तो दुरुस्त करत राहतो, आणि ज्या थरात तो निर्माण झाला तो थर खाली जसाच्या तसा राहतो. क्लिअर कोटवर, म्हणजे सर्वांत वरच्या पारदर्शक थरावर, उमटलेली बारीक रेघ लाकडाच्या न भरलेल्या रंध्रांतून आलेली असते, रंगाला पडलेली सुरकुती खालच्या थराच्या अर्धवट वाळण्यातून आलेली असते, आणि स्क्रूच्या भोकाभोवती उचललेला रंग पाण्याने घासताना आत शिरलेल्या ओलाव्याचा परिणाम असतो.

म्हणून दोष कसा दिसतो हे पाहण्याआधी तो केव्हा दिसला हे स्वतःला विचारावे. फवारा मारल्यावर काही मिनिटांतच दिसला, तर मूळ पृष्ठभागाच्या स्वच्छतेत, हवेत किंवा फवारण्याच्या पद्धतीत असते. पुढचा हात मारताना दिसला, तर दोन थरांमधला वेळ किंवा त्यांची जात जुळलेली नसते. पॉलिश करून काही आठवडे उलटल्यावर दिसला, तर लाकडाची तयारी आणि वाळण्यासाठी दिलेला अवधी तपासावा लागतो. जोडणी करताना दिसला, तर भोके आणि खाचा यांच्याकडे पाहावे. पुढचे विवेचन याच क्रमाने केले आहे.

आधी रंगाची जात ओळखा

कोणत्याही निदानाआधी आपल्या हातातला रंग कसा वाळतो हे माहीत असणे आवश्यक आहे, कारण एका जातीच्या रंगाचा उपाय दुसऱ्या जातीला अपायकारक ठरतो. नायट्रोसेल्युलोज (थोडक्यात नायट्रो) लॅकर आणि अ‍ॅक्रिलिक लॅकर केवळ द्रावक उडून गेल्याने वाळतात. त्यात रासायनिक बदल होत नाही, त्यामुळे वाळलेल्या लॅकरवर नवा हात मारला की खालचा थर थोडा विरघळतो आणि दोन्ही एकजीव होतात. तेलयुक्त इनॅमल हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून हळूहळू कडक होते. टू-के, म्हणजे दोन घटकांच्या, पॉलियुरेथेनमध्ये रंग आणि हार्डनर (कडक करणारे द्रव्य) यांची रासायनिक जोडणी होते, आणि एकदा ती पूर्ण झाली की वरचा नवा थर खालच्यात मिसळत नाही. तो केवळ घासून खरखरीत केलेल्या पृष्ठभागाला पकडून राहतो.

१९५० आणि १९६० च्या दशकांत फेंडर या गिटार कंपनीने आपल्या खास रंगांसाठी ड्यूपाँटचे मोटारींचे रंग वापरले, त्यांत ड्यूको हे नायट्रोसेल्युलोज लॅकर होते आणि ल्यूसाइट हे अ‍ॅक्रिलिक लॅकर होते. दोन्ही लॅकरच असल्यामुळे वर नायट्रोचा क्लिअर बसत असे. आज बाजारात मिळणाऱ्या स्प्रे कॅनवर मात्र नुसते ‘ग्लॉस’ किंवा ‘क्विक ड्राय’ असे लिहिलेले असते आणि आत इनॅमल आहे की लॅकर हे ठळक अक्षरांत कळत नाही. अशा वेळी दोन हातांमधल्या अवधीची सूचना वाचावी. ‘एक तासाच्या आत किंवा २४ तासांनंतर’ अशा स्वरूपाची सूचना असेल, तर तो रंग बहुधा इनॅमल असतो. लॅकरच्या कॅनवर अशी मधली बंदी सहसा नसते.

आणखी एक गोष्ट सहज नजरेआड होते. ‘कोरी’ म्हणून विकली जाणारी बॉडी प्रत्येक वेळी खरोखर कोरी नसते. तिच्यावर सीलरचा, म्हणजे लाकडाची रंध्रे बंद करणाऱ्या लेपाचा, पातळ थर आधीच मारलेला असू शकतो. पाण्याचा थेंब टाकून पाहावा. तो लाकडात न शिरता गोल राहिला, तर वर काहीतरी आहे. मग कंट्रोल कॅव्हिटीच्या (नॉब आणि वायरिंगसाठीच्या पोकळीच्या) आत, जिथे नंतर दिसणार नाही अशा जागी, लॅकर थिनरमध्ये भिजवलेला कापूस घासून पाहावा. पृष्ठभाग चिकट झाला तर सीलर लॅकरचा किंवा शेलॅकचा (स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा) आहे. काहीच झाले नाही तर तो पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टरचा असण्याची शक्यता अधिक. अशा बॉडीवर लाकडात मुरणारा डाय मारला तर तो डागाडागांनी बसतो, आणि पुन्हा कितीही मारला तरी तसाच बसतो, कारण खालचे लाकूड उघडे नसते. तिथे अपारदर्शक रंग घ्यावा, किंवा सीलर पूर्ण घासून काढावा.

काही मिनिटांत दिसणारे दोष

फवारा बसताक्षणी रंग काही ठिकाणांहून मागे सरकतो, गोल खळगे पडतात, आणि खळग्याच्या मध्यभागी खालचा थर उघडा दिसतो. याला फिशआय म्हणतात. त्याचे नेहमीचे कारण सिलिकोन असते. फर्निचर पॉलिश, वंगणाचे स्प्रे, हाताला लावायची काही क्रीम, एवढेच काय पण शेजारच्या टेबलावर पूर्वी कधीतरी मारलेले पॉलिश, यांपैकी कशाचाही सूक्ष्म अंश पुरेसा असतो. स्प्रे गन वापरत असाल तर कॉम्प्रेसरमधून येणारे तेल आणि पाणीही हाच प्रकार घडवते, म्हणून नळीवर फिल्टर असणे गरजेचे आहे.

फिशआय दिसल्यावर त्यावर लगेच जाड हात मारून ते बुजवण्याचा मोह होतो. त्याने खळगे मोठे होतात. थर कडक होऊ द्यावा, मग ठोकळ्याला गुंडाळलेल्या ६०० नंबरच्या पेपरने (घासकागदाने) घासून खळग्यांच्या कडा सपाट कराव्यात, आणि नॅप्था या पेट्रोलियम द्रावकाने किंवा मेण-ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने पुसावे. पुसताना दोन कापड घ्यावीत, एक ओले आणि एक कोरडे, आणि ओला भाग वाळण्याआधीच कोरड्या कापडाने टिपून घ्यावा. द्रावक आपोआप उडू दिला तर त्यात विरघळलेली घाण पुन्हा तिथेच बसते, आणि ‘मी दोनदा पुसले तरी फिशआय येतच आहे’ या तक्रारीचे उत्तर पुष्कळदा यातच असते. त्यानंतर मेणरहित शेलॅकचा एक पातळ हात मारावा. सिलिकोन कोंडून ठेवण्यासाठी शेलॅकइतका भरवशाचा आणि सहज मिळणारा पदार्थ दुसरा क्वचितच सापडेल. फिशआय थांबवणारे मिश्रण रंगात घालण्याचाही एक मार्ग आहे, पण अशी बरीच मिश्रणे स्वतःच सिलिकोनची असतात. एकदा ते घातले की पुढच्या प्रत्येक हातात घालावे लागते आणि गनही दूषित होते. घरगुती कामात तो मार्ग मी सुचवणार नाही.

लॅकर मारताच त्यावर दुधाळ पांढरट झाक आली तर ती दमट हवेमुळे आलेली असते. द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि थरात अडकते. ही झाक घासून जात नाही. हवा कोरडी झाल्यावर सावकाश उडणाऱ्या द्रावकाचा, म्हणजे रिटार्डरचा, अगदी हलका फवारा वरून मारला की थर पुन्हा किंचित उघडतो, अडकलेला ओलावा बाहेर पडतो आणि रंग स्वच्छ होतो. आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली असताना काम केले तर हा प्रश्न सहसा उद्भवत नाही.

थरात टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे पडत असतील तर त्यांची दोन कारणे संभवतात. थर जाड असेल तर वरचा पापुद्रा आधी वाळतो आणि खालचा द्रावक तो फोडून बाहेर येतो. पण छिद्रे नेमकी लाकडाच्या रेषांवरच ओळीने पडत असतील, तर रंध्रांतली हवा बाहेर येत आहे असे समजावे. थंड खोलीतून आणलेली बॉडी उबदार खोलीत फवारली की लाकूड तापत जाते, आतली हवा प्रसरण पावते आणि ओल्या थरातून बुडबुडे उठतात. बॉडी ज्या खोलीत रंगवायची तिथे ती आदल्या दिवसापासून ठेवावी, आणि रंध्रे नीट भरावीत.

ओघळ आणि ऑरेंज पील यांची कारणे साधी आहेत. ओघळ जवळून किंवा सावकाश मारल्याने येतो. ऑरेंज पील म्हणजे पृष्ठभागावरचा बारीक खडबडीतपणा, जो लांबून मारल्याने, दाट रंगाने किंवा फार उष्ण हवेने येतो, कारण थेंब पसरण्याआधीच वाळतात. कॅन २० ते ३० सेंटिमीटर अंतरावर धरावा, हात बॉडीच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवावा, आणि प्रत्येक पट्ट्याने आधीच्या पट्ट्याचा अर्धा भाग झाकावा. आलेला ओघळ ओला असताना बोटाने पुसू नये; तो पूर्ण कडक झाल्यावर धारदार पात्याने खरवडावा, पात्याच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळून, म्हणजे पाते आजूबाजूच्या थराला न लागता फक्त उंचवटाच कापते.

मेटॅलिक रंगात एक वेगळी अडचण येते. त्यातले अ‍ॅल्युमिनियमचे कण ओल्या थरात तरंगतात आणि जिथे थर जास्त ओला होतो तिथे त्यांची दिशा बदलते, त्यामुळे ढगांसारखे गडद-फिके पट्टे दिसतात. मेटॅलिक थर घासून हे पट्टे जात नाहीत, उलट कण कापले जाऊन डाग अधिक उठून दिसतात. शेवटचा हात थोडा लांबून, हलका आणि आडवा-उभा असा दोन्ही दिशांनी मारावा, आणि घासायचे ते फक्त वरच्या क्लिअरला. सोनेरी किंवा चंदेरी थरावर पारदर्शक लाल चढवणाऱ्या कँडी रंगात तर प्रत्येक हाताने छटा गडद होत जाते, तेव्हा बॉडीच्या कडेला किती वेळा फवारा फिरला याचेही भान ठेवावे लागते. कडा मधल्या भागापेक्षा गडद होण्याचे हेच कारण आहे.

पुढचा हात मारताच पडणारी सुरकुती

संध्याकाळी रंगाचे दोन हात मारले, हाताला कोरडे लागले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिसरा हात मारताच संपूर्ण पृष्ठभाग आक्रसून सुरकुतला. हा दोष पाहणाऱ्याला हताश करतो, कारण तोवर सारे उत्तम झालेले असते. घडते ते असे. इनॅमलचा थर वरून आत असा वाळतो. पहिल्या तासाभरात तो सगळाच ओला असतो, तेव्हा नवा हात त्यात मिसळतो आणि काही बिघडत नाही. पूर्ण कडक झाल्यावर नव्या हाताचा द्रावक त्यात शिरू शकत नाही, तेव्हाही काही बिघडत नाही. मधल्या काळात मात्र वरचा पापुद्रा कडक आणि आतला भाग मऊ असतो. नव्या हाताचा द्रावक पापुद्र्यातून आत जातो, पापुद्रा फुगतो, आडवा पसरू पाहतो, पण खाली पकडून ठेवणारे काही नसल्याने घड्या घालून वर उठतो. हाताला कोरडे लागणे ही वाळण्याची कसोटी नव्हे, ती फक्त पापुद्र्याची कसोटी आहे.

कॅनवरची ‘एक तासाच्या आत किंवा २४ तासांनंतर’ अशी सूचना, काही रंगांत ती ४८ तासांची असते, याच मधल्या काळापासून वाचवण्यासाठी दिलेली असते. आणि ती पातळ थर व मध्यम तापमान गृहीत धरून दिलेली असते. थंड हवेत किंवा जाड थरावर हा काळ वाढतो, हे सूचनेत नेहमीच लिहिलेले नसते.

याच सुरकुतीचे दुसरे कारण म्हणजे इनॅमलवर लॅकर मारणे. लॅकरचा द्रावक तीव्र असतो आणि आठवडाभर वाळलेल्या इनॅमललाही तो फुगवू शकतो. रंगीत थर इनॅमलचा आणि वरचा क्लिअर नायट्रोचा, हा संयोग नवशिक्यांकडून सर्रास होतो, कारण हवी ती छटा इनॅमलच्या कॅनमध्ये सहज मिळते आणि ‘खरी गिटार नायट्रोचीच’ असे सगळीकडे वाचलेले असते. सीलरपासून क्लिअरपर्यंत सर्व थर एकाच जातीचे ठेवणे हा सर्वांत निर्धोक मार्ग आहे. ते शक्यच नसेल तर इनॅमल पूर्ण कडक होऊ द्यावे, हलके घासावे, मेणरहित शेलॅकचे दोन पातळ हात मध्ये मारावेत, आणि त्यावर लॅकरचे पहिले हात इतके हलके मारावेत की ते जवळजवळ कोरडेच बसतील. हा क्रम आधी त्याच लाकडाच्या तुकड्यावर करून पाहावा. बॉडीवरचा पहिला प्रयोग महागात पडतो.

एकदा सुरकुती पडल्यावर लगेच घासू नये. मऊ थर पेपरला गुंडाळ्या होऊन चिकटतो. आठवडाभर उबदार, हवेशीर जागी ठेवावे, मग ३२० नंबरने सपाट करावे. घासताना पेपरवर भुकटी पडण्याऐवजी चिकट गोळ्या जमत असतील तर आतला थर अजून कच्चा आहे. अशा थरावर पुन्हा रंग मारणे म्हणजे तीच सुरकुती पुन्हा बोलावणे. तिथे लाकडापर्यंत काढून टाकणे हाच कमी कष्टाचा मार्ग ठरतो.

आठवड्यांनी वर येणाऱ्या रेषा

या विषयातला सर्वांत त्रासदायक आणि सर्वांत जास्त वेळा परत येणारा दोष हाच आहे. बॉडी पॉलिश केल्या दिवशी आरशासारखी सपाट दिसते, आणि महिन्याभरात तिच्यावर लाकडाच्या रेषा बारीक चरांच्या रूपाने उमटू लागतात. पुन्हा घासले, पुन्हा चकाकी आणली, पुन्हा रेषा आल्या. रंगाचा थर रंध्रांत खाली बसत जातो म्हणून असे होते.

अ‍ॅश लाकडात वसंतातल्या वाढीची रंध्रे मोठी असतात आणि वर्तुळाच्या रेषेत दाटीने असतात. महोगनीत ती लहान पण सर्वत्र विखुरलेली असतात. या दोन्ही लाकडांना ग्रेन फिलर, म्हणजे रंध्रे भरणारा लेप, अनिवार्य आहे. ऑल्डर, मेपल, बासवुड आणि पॉप्लर यांची रंध्रे इतकी बारीक असतात की त्यांना फिलर लागत नाही, पण बासवुड आणि पॉप्लर मऊ असल्याने सीलर भरपूर पितात, विशेषतः जिथे तंतू आडवे कापलेले असतात तिथे. बॉडीचे मागचे टोक, हॉर्नची (पुढे आलेल्या शिंगांची) टोके आणि कटअवेचा (नेकजवळच्या कापलेल्या खोलगट भागाचा) तळ या त्या जागा. सपाट भागावर दोन हात सीलर पुरला तर इथे चार लागू शकतात. रंग मारल्यावर याच जागा मलूल दिसू लागल्या, तर सीलर कमी पडला असे समजावे.

फिलरचे काम वरवर पाहता सोपे आहे आणि म्हणूनच ते घाईत होते. लाकूड १२०, १८० आणि २२० नंबरच्या पेपरने क्रमाने घासावे. यंत्राच्या कापणीच्या खुणा वळणांवर आणि कटअवेमध्ये राहतात, त्या या टप्प्यावरच जायला हव्यात, कारण चकाकी त्यांना लपवत नाही तर उठावदार करते. मग शेलॅकचा एक पातळ हात देऊन तो वाळल्यावर फिलर लावावा. कडक कार्डाने किंवा रबरी पट्टीने तो तंतूंच्या तिरक्या दिशेने दाबत भरावा आणि तशाच तिरक्या दिशेने वरचा जादा भाग काढून घ्यावा. तंतूंच्या दिशेने ओढले तर पट्टीची कड भरलेला फिलर पुन्हा उपसून काढते. पाण्यावर आधारित फिलर वाळताना आकसतो, म्हणून एकदा भरून भागत नाही; पूर्ण वाळल्यावर २२० नंबरने घासून दुसऱ्यांदा भरावा लागतो. पातळ इपॉक्सी जवळजवळ आकसत नाही, त्यामुळे अ‍ॅशसाठी मला तोच अधिक पसंत आहे, मात्र काही इपॉक्सी कडक होताना वर मेणचट पडदा सोडतात, तो पाण्याने पुसूनच घासायला घ्यावा, नाहीतर पुढचा थर पकडत नाही.

फिलर पुरेसा भरला की नाही हे वरून सरळ पाहून कळत नाही. खोलीतले दिवे बंद करून टॉर्च बॉडीच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरावी. न भरलेले प्रत्येक रंध्र केसाएवढी सावली टाकते. दुसरी खूण घासतानाच मिळते. सीलरचे दोन-तीन हात मारून, वाळल्यावर ३२० नंबरने ठोकळ्यावर हलके घासले की उंच भाग मंद पांढरट होतो आणि खोलगट रेषा चकाकत राहतात. ती चकाकणारी प्रत्येक रेष पुढे महिन्याभराने क्लिअर कोटवर दिसणार असते. इथे थांबून आणखी सीलर चढवणे आणि पुन्हा सपाट करणे हे कंटाळवाणे काम आहे, पण पुढचे सगळे कष्ट याच्यावर उभे आहेत, आणि सबंध पृष्ठभाग एकसारखा मंद दिसेपर्यंत रंगाचा कॅन उघडू नये असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

लाकूड नीट भरले असूनही रेषा आल्या, तर अवधी तपासावा. लॅकरचा द्रावक पृष्ठभागावरून लवकर जातो आणि खोलातून फार सावकाश. तो जात असताना थर पातळ होत राहतो. आठवडाभराने सपाट केलेला थर त्यानंतरही आकसत राहतो, मग रेषा दिसणारच. नायट्रोचा शेवटचा हात मारल्यावर साधारण तीन ते चार आठवडे बॉडी टांगून ठेवावी. नाक पृष्ठभागाजवळ नेऊन हुंगावे. द्रावकाचा वास येत असेल तर आणखी थांबावे. नेक पॉकेटच्या (गिटारचा दांडा, म्हणजे नेक, बसवण्याच्या खाचेच्या) कडेला किंवा कॅव्हिटीच्या आत नखाने दाबून पाहावे, नखाचा ठसा उठत असेल तर काम घासण्याजोगे झालेले नाही. जाड हात मारून वेळ वाचत नाही, तो वाळण्यात दुप्पट जातो. टू-के पॉलियुरेथेनला इतकी प्रतीक्षा लागत नाही, कारण तिथे रासायनिक जोडणी थर कडक करते.

पण टू-केचा विचार करताना एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. ते फुप्फुसांना गंभीर आणि कायमची इजा करू शकतात, आणि त्यांचा वास येऊ लागण्याआधीच हवेतले प्रमाण धोक्याच्या पातळीवर गेलेले असू शकते. धुळीचा साधा मास्क इथे निरुपयोगी आहे. बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मास्क, हातमोजे, अंग झाकणारे कपडे आणि बाहेर हवा फेकणारी बंदिस्त जागा नसेल तर हे काम रंगकाम करणाऱ्या कार्यशाळेला द्यावे. लॅकरची वाफही ज्वालाग्राही असते, तेव्हा जवळपास कुठलीही ज्योत किंवा ठिणगी नको.

रेषा आधीच आलेल्या असतील तर सगळे खरवडून काढण्याची गरज बहुधा नसते. आता थर पूर्ण आकसून झालेला आहे आणि तोच एक प्रकारे फिलरचे काम करतो. क्लिअर पुरेसा जाड असेल तर ८०० किंवा १००० नंबरने पुन्हा सपाट करून पॉलिश करावे. जाडीची खात्री नसेल तर हलके घासून क्लिअरचे तीन-चार पातळ हात चढवावेत, पुन्हा महिनाभर थांबावे आणि मग सपाट करावे. बॉडी दोन-तीन तुकड्यांची असेल आणि रेघ नेमकी जोडावरच येत असेल तर मात्र ती रंध्रांची नाही. डिंकाच्या ओलाव्याने जोडाजवळचे लाकूड फुगलेले असताना घासले गेले, की नंतर ते सुकून खाली बसते. अशी बॉडी जोडल्यावर काही दिवस सुकू देऊन मगच घासायला हवी होती. आता वरून क्लिअर चढवून सपाट करणे एवढाच उपाय उरतो.

येथेच एक खुलासा करतो. पांढऱ्या रंगावर नायट्रोचा क्लिअर असेल तर तो काळाने पिवळसर होतो आणि पांढरा रंग सायीसारखा दिसू लागतो, निळा हिरवट दिसू लागतो. हा रंगकामाचा दोष नव्हे, नायट्रोचा गुणधर्म आहे. छटा तशीच राहायला हवी असेल तर न पिवळणारा अ‍ॅक्रिलिक क्लिअर निवडावा.

घासताना उघडे पडणारे काठ

ओला रंग काठापासून दोन्ही बाजूंना सरकतो, त्यामुळे काठावर थर मुळातच पातळ राहतो. त्यात पेपरचा दाब काठावर जास्त पडतो. दोन्ही कारणे एकत्र आली की काठावरचा रंग, कधी प्रायमरसुद्धा, उघडा पडतो. लाकूड तयार करतानाच तीक्ष्ण काठ किंचित गोल करावेत, क्लिअरच्या प्रत्येक हाताआधी फक्त काठांवरून एक हलका फवारा फिरवावा, आणि सपाट करताना ठोकळा काठाच्या थोडा आधी थांबवावा. काठांना शेवटी १५०० किंवा २००० नंबरचा पेपर बोटाखाली धरून दोन-चार वेळा फिरवला तरी पुरतो.

काठ उघडा पडलाच, तर रंग तिथेच मारून क्लिअर चढवता येतो, पण परिणाम जातीनुसार वेगळा असतो. नायट्रोत दुरुस्ती खालच्या थरात विरघळून दिसेनाशी होते. टू-केमध्ये दोन थर एकमेकांत मिसळत नसल्याने, क्लिअर घासून वरचा थर जिथे संपतो तिथे नकाशातल्या सीमारेषेसारखी फिकट कड दिसते. ती पॉलिशने जात नाही. तिथे संपूर्ण बाजूवर नवा क्लिअर मारावा आणि सपाट करताना त्या एकाच थरात राहावे.

चिकटपट्टीने पट्टे किंवा नक्षी काढताना कडेखाली रंग शिरत असेल, तर पट्टी लावल्यावर तिच्या कडेवर आधी खालच्याच रंगाचा किंवा क्लिअरचा हलका हात मारावा. कडेखाली शिरायचे ते तेच शिरते आणि दिसत नाही. पट्टी रंग पूर्ण कडक होण्याआधी, मागे वळवून सावकाश काढावी.

जोडणीच्या वेळी दिसणारे दोष

पाण्याने घासताना पाणी स्क्रूच्या आणि ब्रिजच्या (बॉडीवरच्या तारांच्या आधाराच्या) भोकांत शिरते, लाकूड फुगते आणि भोकाभोवतीचा रंग कड्याप्रमाणे उचलला जातो. घासण्याआधी भोकांच्या आतल्या भिंतींना शेलॅक लावून ठेवावा, पाणी भांड्यातून ओतण्याऐवजी ओलसर कापडाने लावावे, आणि भोकांच्या जवळ पाण्याऐवजी मिनरल स्पिरिट वापरावे.

भोके रंगकामानंतर पाडायची असतील तर जागेवर चिकटपट्टी लावून ड्रिलचे टोक आधी उलटे फिरवावे, म्हणजे ते रंग न उचलता त्यात गोल खाच पाडते, आणि मग सरळ फिरवून भोक करावे. स्क्रू घालण्याआधी काउंटरसिंकच्या (शंकूच्या आकाराच्या ड्रिलच्या) टोकाने भोकाच्या तोंडाचा रंग किंचित तिरका कापावा. स्क्रू आत जाताना त्याचे आटे लाकूड थोडे वर उचलतात, आणि कडेपर्यंत रंग असेल तर तिथून ताऱ्यासारख्या भेगा फुटतात. स्क्रूला थोडे मेण लावले तर तो कमी जोरात बसतो. ब्रिजच्या स्टडसाठी (आधाराच्या जाड स्क्रूसाठी) धातूची नळी ठोकून बसवायची असेल तर भोकातला रंग आधी पूर्ण खरवडून काढावा, कारण त्याच रंगाने भोक अरुंद झालेले असते.

नेक पॉकेटची बाबही अशीच आहे. नायट्रोच्या पूर्ण रंगकामाची जाडी मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांइतकी असते, पण पॉकेटच्या दोन्ही भिंतींवर ती आली की नेक घट्ट होतो, आणि तो जोर लावून बसवला की उंच सुरांच्या बाजूची पातळ भिंत कोपऱ्यापासून तडकते. पॉकेटचा तळ आणि भिंती सुरुवातीपासूनच झाकून ठेवाव्यात. तिथे लाकडाची पट्टी स्क्रूने बसवली तर झाकण्याचे कामही होते आणि बॉडी हातात धरायला, टांगायला दांडाही मिळतो. पट्टी काढण्याआधी तिच्या कडेने धारदार चाकूने रंगात बारीक रेघ मारावी, नाहीतर पट्टीबरोबर बॉडीवरचा रंगही निघतो. तळावर रंगाचे ओघळ जमले असतील तर ते पटाशीने सपाट करावेत. तेवढ्यानेही नेकचा कोन बदलतो आणि तारांची उंची लागत नाही.

गिटार पूर्ण झाल्यावर काही महिन्यांनी बॉडीच्या खालच्या कडेवर मऊ, मंद डाग दिसले, तर ते स्टँडच्या रबराचे असतात. काही रबरांतली आणि पीव्हीसीतली रसायने नायट्रोला मऊ करतात. स्टँडच्या आधारांवर सुती कापड गुंडाळावे. डाग वरवरचा असेल तर थर पुन्हा कडक झाल्यावर २००० नंबरने हलके घासून पॉलिशने तो जातो. रबराचा रंगच थरात उतरला असेल तर तेवढ्या जागेचा क्लिअर घासून नवा चढवावा लागतो.